पोळ्यात आम्ल भरताना

परवा फोनवर तू मोठ्या खुशीत म्हणालीस, "मावशी, तीस टक्के लोडिंगचं सॅम्पल झालं एकदाचं." मी विचारलं, "तीस टक्के कशाचे गं?" आणि तू गप्प झालीस. तेवढ्यासाठी हे लिहायला बसले आहे. फोनवर सांगितलं तर अर्धं ऐकशील, उरलेलं स्टररच्या घरघरीत जाईल.

दहा ग्रॅम सिलिका घेतलीस, तिच्यावर तीन ग्रॅम आम्ल चढवलंस आणि डबीवर ३० लिहिलंस, होय ना? मग तुझ्या तेरा ग्रॅम पावडरीत आम्ल तीनच ग्रॅम आहे, म्हणजे २३ टक्के. खरोखर ३० टक्के हवे असतील तर दहा ग्रॅम सिलिकेला ४.२९ ग्रॅम आम्ल लागतं. पेपर लिहिणारे दोन्ही रीतींनी लिहितात आणि कुठली रीत ते सांगायला विसरतात. वाचताना आधी ते शोधायचं. आणि तू कुठल्या रीतीनं मोजतेस ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव. थीसिस संपेपर्यंत त्यात बदल नाही.

बरं, ते ४.२९ ग्रॅम तरी कसले? बाटलीतलं टंगस्टोफॉस्फोरिक आम्ल काही कोरडं नसतं. कोरड्या आम्लाचा रेणुभार २८८०. त्याच्या एकेका रेणूबरोबर पाण्याचे चोवीस रेणू नांदत असले तर ४३२ ची भर पडते, म्हणजे तू जे तोललंस त्यात साधारण १३ टक्के नुसतं पाणी. लेबलवर बहुतेक वेळा 'हायड्रेट' एवढंच छापलेलं असतं. त्यात दर जुलैत कुणी तरी झाकण सैल ठेवतं. म्हणून नवी बाटली फोडलीस की चिमूटभर टीजीएला दे. सैल बसलेलं पाणी शंभर अंशांच्या आसपास जातं, उरलेलं साधारण सहा रेणू पाणी दोनशेच्या आसपास. त्या दोन पायऱ्यांत किती वजन घटलं ते पाहून गुणक काढ आणि बाटलीवर चिकटव. चोवीस पाण्याचं असेल तर ४.२९ ऐवजी ४.९३ ग्रॅम तोलावं लागेल. न तोललंस तर ३० चे २७ होतात, आणि मग सहा महिन्यांनी तू म्हणणार, रिझल्ट रिपीट होत नाहीत.

आमच्या वेळी ह्या आम्लाला सगळे डीटीपी म्हणायचे, डोडेकाटंगस्टोफॉस्फोरिकचं लघुरूप. एकदा खरेदीच्या फाइलवर एका नव्या कारकुनानं 'छपाईचा खर्च ह्या हेडखाली बसत नाही' असा शेरा मारून ती परत पाठवली होती. दोन आठवडे गेले समजूत घालण्यात.

तुला कुणी सांगितलं असेल की नसेल, पण हा रेणू दिसायला फार देखणा आहे. मध्ये फॉस्फरस, भोवती बारा टंगस्टन, सगळे ऑक्सिजननं गुंफलेले. १९३३ मध्ये मँचेस्टरला केगिन ह्यांनी क्ष-किरणांनी ह्याची रचना उलगडली, म्हणून तो केगिन. साधारण १.२ नॅनोमीटरचा चेंडू समज. गंधकाम्लाहून जोरदार आम्ल, पण नुसतं वापरावं तर पृष्ठफळ ग्रॅमला दहा चौरस मीटरसुद्धा नाही. म्हणून त्याला कुठे तरी पसरायला जागा द्यावी लागते. झिओलाइट वायचं दार ०.७४ नॅनोमीटर, त्यातून हा चेंडू आत जायचाच नाही. १९९२ मध्ये मोबिलच्या लोकांनी एमसीएम-४१ आणलं, त्यात तीनेक नॅनोमीटरची नळकांडी मिळाली. मग १९९८ मध्ये सांता बार्बराहून झाओ आणि स्टकी ह्यांचं एसबीए-१५ आलं, त्यात सहा-सात नॅनोमीटर आरामात. छेद घेतला तर मधाचं पोळं. आपल्याकडे माटुंग्याला यूडीसीटीत, म्हणजे आताच्या आयसीटीत, प्रा. जी. डी. यादव ह्यांच्या गटानं हेच डीटीपी के-१० मातीवर आणि षट्कोनी छिद्रांच्या सिलिकेवर चढवून कितीतरी अभिक्रिया केल्या. त्यांचे पेपर वाच. केमिकल इंजिनिअर लोक वेग कसा मोजतात ते त्यातून शिकायला मिळेल, आपण केमिस्ट त्यात जरा ढिले असतो.

आता पोळं बांधण्याबद्दल. मूळ कृती तुझ्याकडे आहेच: चार ग्रॅम पी-१२३, तीस ग्रॅम पाणी, एकशे वीस ग्रॅम दोन मोलरचं हायड्रोक्लोरिक, साडेआठ ग्रॅम टीईओएस. ३५ ते ४० अंशांवर दिवसभर, मग ८० ते १०० अंशांवर आणखी एक दिवस. कृतीत नसतं तेवढंच मी सांगते.

पी-१२३ हे थिजलेल्या तुपासारखं असतं, चमच्याला चिकटतं, वजनाच्या बोटीत अर्धं राहतं. बोटीत तोलूच नकोस, ज्या बाटलीत विरघळवायचं तिच्यातच तोल. आणि विरघळत नाही म्हणून गरम करायला जाऊ नकोस. सगळे तीच चूक करतात. ह्या पॉलिमरचा मधला भाग गारव्यात पाण्याशी जुळवून घेतो आणि उबेत पाण्याला टाळायला लागतो, म्हणून गार पाण्यात ते लवकर विरघळतं. सीटॅबचं नेमकं उलट आहे. एमसीएम करणाऱ्या पोरांना डिसेंबरातल्या सकाळी विचार, सीटॅबचं द्रावण रात्रीत गोठून पांढरं झालेलं असतं. त्याला तीसेक अंशांची ऊब दिली की पुन्हा स्वच्छ.

पॉलिमर विरघळल्यावर मात्र तापमानाशी खेळ नको. 'रूम टेम्परेचर' हा शब्द वहीत लिहायचा नाही. पुण्यात मे महिन्याची खोली आणि जानेवारीची खोली ह्यांत वीस अंशांचा फरक असतो. वॉटर बाथ घे, त्यात स्वतंत्र थर्मामीटर बुडव, बाथच्या आकड्यावर विसंबू नकोस. टीईओएस थेंबथेंब घातल्यावर थोड्या वेळानं द्रावण गढूळ होतं. ती वेळ घड्याळात बघून लिही. दर वेळी ती साधारण सारखी यायला हवी. एखाद्या बॅचला फार उशिरा किंवा फार लवकर आली तर काही तरी बिनसलं आहे, बहुधा आम्लाची तीव्रता किंवा जुनं टीईओएस. छिद्रं मोजायच्या आधी कळलेली ही पहिली बातमी.

दुसऱ्या दिवशीचं तापमान तू कसं ठरवलंस? गाइडनी सांगितलं म्हणून शंभर? ठीक आहे, पण का ते समजून घे. ह्या पोळ्याच्या भिंतीसुद्धा सच्छिद्र असतात, कारण पॉलिमरच्या शेपट्या भिंतीत रुतलेल्या असतात आणि जळाल्यावर तिथे बारीक भोकं उरतात. एजिंग ८० ला केलंस तर ही बारीक भोकं जास्त, मुख्य छिद्र अरुंद. जसजसं वर जाशील तसतशी मुख्य छिद्रं रुंद आणि बारीक भोकं कमी. पृष्ठफळ मात्र ८० वाल्याचं भरघोस येतं आणि सगळे हुरळतात. पण दोन नॅनोमीटरपेक्षा लहान भोकात आपला १.२ नॅनोमीटरचा चेंडू शिरणार कसा आणि शिरला तरी हलणार कसा? जी जागा आम्लाला वापरता येत नाही, तिची फुशारकी कशाला? मी असते तर शंभरच घेतलं असतं, आणि पृष्ठफळ दीडशेनं कमी आलं म्हणून रडले नसते. हे माझं मत. तुझ्या गाइडचं वेगळं असेल तर भांडू नकोस, दोन्ही करून बघ.

बाटली एजिंगला ठेवण्याआधी आणि नंतर तोल. दोन ग्रॅमहून जास्त घटली असेल तर झाकण गळतंय आणि आत आम्ल घट्ट होत गेलंय.

मग भट्टी. मिनिटाला एक अंश ह्या वेगानं ५५० पर्यंत चढायला पावणेनऊ तास लागतात, वर सहा तास मुक्काम. म्हणजे दुपारी लावलीस तर पहाटे संपेल. मध्ये वीज गेली तर काही भट्ट्या पुन्हा पहिल्यापासून प्रोग्राम सुरू करतात, काही तशाच बंद राहतात. तुझी काय करते ते आधी माहीत करून घे. आमच्याकडे भट्टी सांभाळणारे एक मामा होते, दहावीपर्यंत शिकलेले. पीएचडीवाले क्रूसिबल बाहेर काढून "पांढरं झालं" म्हणायचे तेव्हा मामा स्पॅटुलानं ढीग मधोमध फोडायचे. आत करडा गाभा निघायचा. वरून पांढरं, आतून कोळसा! पोहे वाळत घालतो तसा पातळ थर पसर, खोल क्रूसिबलमध्ये शिगोशीग भरू नकोस, आणि दाराची हवेची चीर उघडी ठेव. एवढं मामांकडून शिकले. त्याआधी इथेनॉलनं एकदा धुऊन घेतलंस तर भट्टीत धूरही कमी होतो.

बाहेर आल्यावर वजन कर. साडेआठ ग्रॅम टीईओएसमधून सिलिका निघून निघून २.४५ ग्रॅम निघते, त्याहून एक कणही जास्त निघू शकत नाही. तुला २.८ मिळाली तर खूश होऊ नकोस. ते पाणी आहे, नाही तर कार्बन. पावसाळ्यात ही पावडर डेसिकेटरच्या बाहेर काढून ठेवली तर तराजूवरचा आकडा डोळ्यांदेखत चढतो. मी तो खेळ नव्या पोरांना मुद्दाम दाखवायची.

आम्ल चढवताना सिलिका आधी १५० अंशांवर दोन तास तापवून घे, बंद डबीत थंड कर, मग तोल. छिद्रांत किती द्रव मावतो ते यंत्र सांगेलच, पण हातानंही कळतं: एक ग्रॅम पावडर घे, थेंबथेंब पाणी टाकत ढवळत राहा. बराच वेळ ती कोरडीच दिसते. मग एका थेंबाला अचानक ओलसर होऊन गोळा धरते. तो थेंब म्हणजे छिद्रं भरल्याची खूण. एसबीए-१५ ला ग्रॅमला साधारण एक मिलिलिटर लागतं. तेवढ्याच आकारमानाच्या मेथॅनॉलमध्ये सगळं आम्ल विरघळव आणि तसंच थेंबथेंब चढव. जास्त मेथॅनॉल घेऊन रोटावर आटवलंस तर सुकता सुकता आम्ल बाहेरच्या कडेला येऊन स्फटिक धरतं, ओल्या भिंतीवर मीठ फुलतं तसं. लोखंडी स्पॅटुला वापरू नकोस, आम्ल धातूवर निळं पडतं. प्लास्टिकचा घे. भांडी अल्कलीनं धुतलेली असतील तर शेवटी पातळ आम्लानं विसळ. ह्या केगिनला पाण्यात पीएच दोनच्या वर चैन पडत नाही, एक-एक टंगस्टन सोडून तो मोडायला लागतो.

ह्यानंतर ८० ला वाळवायचं, मग २०० अंशांवर, फार तर अडीचशे. इथे माझी एक गोष्ट सांगते, कारण ती मी कधी कुणाला सांगितली नाही. दुसऱ्या वर्षाला असताना एका शुक्रवारी आम्ल चढवलेली सगळी मालिका, १०, २०, ३०, ४०, मी सवयीनं सिलिकेच्याच प्रोग्रामवर लावून घरी गेले. ५५० अंश, सहा तास. सोमवारी बाहेर काढलं तर ४० टक्केवाला फिकट पिवळा. मला वाटलं, छान, काही तरी बॉन्ड झालंय! क्ष-किरणांत २३ ते २४.५ अंशांमध्ये तीन टोकं उभी, टंगस्टन ट्रायऑक्साइडची. चेंडू फुटून गेला होता. चारशेच्या पुढे हा रेणू आपले प्रोटॉन पाण्याच्या रूपानं घालवायला लागतो, मग बाकीचं घर पडतं. चार महिन्यांचं काम आणि बरंचसं पी-१२३ गेलं. दोष भट्टीचा नव्हता, प्रोग्राम बदलायला विसरलेल्या माझाच होता. तेव्हापासून भट्टीच्या दारावर कागद असायचा: आत काय आहे, किती अंश चालतं, कुणाचं.

तुझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा सल्फोनिक आम्लाचं करतोय म्हणालीस. त्यालाही हे वाचून दाखव. त्याचं मरकॅप्टोप्रॉपिल भट्टीत गेलं की संपलंच. तिथे साच्याचं पॉलिमर इथेनॉलमध्ये उकळूनच काढायचं, मग पेरॉक्साइडनं सल्फोनिक करायचं. टीईओएस आधी पाऊण तास एकटं मुरू दे, मग मरकॅप्टो घाल. दोन्ही एकदम घातली तर पोळं विस्कटतं. आणि खिडक्या बंद ठेवू नका. गॅस सिलिंडरला जो वास मुद्दाम लावतात तो ह्याच घराण्यातला. आमच्या मजल्यावर एकदा वॉचमन सगळ्यांना बाहेर काढून मेन व्हॉल्व्ह शोधत फिरला होता.

आता यंत्रांकडे. तुझ्या पिढीला यंत्रं भराभर मिळतात, आम्ही नायट्रोजनच्या स्लॉटसाठी दीड महिना थांबायचो. पण म्हणूनच आम्ही सॅम्पल पाठवण्याआधी उत्तर काय यायला हवं ते कागदावर मांडून ठेवायचो. ही सवय तुला लागावी एवढंच माझं म्हणणं आहे, बाकी सगळं तपशील.

नायट्रोजनचंच घे. तुझी रिकामी सिलिका ग्रॅमला ८०० चौरस मीटर. ३० टक्के चढवल्यावर ५५० आलं. तू लिहिणार, 'आम्ल छिद्रांत शिरल्यामुळे पृष्ठफळ घटलं.' थांब. एक ग्रॅम कॅटॅलिस्टमध्ये सिलिका उरलीच आहे ०.७ ग्रॅम. आठशे गुणिले ०.७ म्हणजे ५६०. तुझं ५५० म्हणजे काहीच घटलेलं नाही, नुसती भेसळ झाली आहे. आकडा ४०० आला असता तर बोलायला जागा होती. दर ग्रॅम सिलिकेमागे हिशेब केल्याशिवाय पृष्ठफळाबद्दल एक वाक्यही लिहू नकोस.

डीगॅसिंग रिकाम्या सिलिकेला २५० चालेल, आम्लवालीला २०० च्या वर नेऊ नकोस, सल्फोनिकला १२० पुरे. हे फॉर्मवर लिहून दे. ऑपरेटरला स्वप्न पडत नाही, तो सगळ्यांना एकाच तापमानावर लावतो. वजन डीगॅस झाल्यानंतरचं धर, आधीचं नको. ओलसर दिवसांत त्या एका फरकानं दहा टक्के उडतात. बीईटीची रेघ सापेक्ष दाब ०.०५ ते ०.२० मध्येच काढ आणि सी हा स्थिरांक धन आहे ना ते बघ. छिद्रांचा व्यास बीजेएचनं काढशील, ती १९५१ ची पद्धत आहे आणि ह्या मापाच्या छिद्रांना थोडं लहानच दाखवते. मालिकेत तुलना करायला चालते, पण तिचा आकडा वेदवाक्य म्हणून सांगू नकोस.

आणि ते ३.८ नॅनोमीटरचं टोक! नायट्रोजन सोडतानाच्या रेघेवरून छिद्रं मोजलीस की ३.८ च्या आसपास एक छान टोकदार शिखर येतं. ते तुझ्या मटेरियलचं नसतं. सापेक्ष दाब ०.४२ च्या जवळ आला की छिद्रात अडकलेला द्रव नायट्रोजन टिकूच शकत नाही, सगळा एकदम सुटतो, त्याची ती सावली आहे. आम्लानं छिद्रांची तोंडं अरुंद केली असली तर ती सावली मोठी होते, एवढी बातमी त्यात आहे. पण 'दुहेरी छिद्ररचना' असं लिहिलेले पेपर मी परीक्षक म्हणून तीनदा तरी परत पाठवले आहेत. नायट्रोजन शोषतानाची रेघही काढ. तिथे टोक नसेल तर विषय मिटला.

लहान कोनाच्या क्ष-किरणांत एसबीए-१५ चं पहिलं टोक टू-थीटा ०.९ च्या आसपास येतं, म्हणजे थरांतलं अंतर ९.८ नॅनोमीटर. ते दोननं गुणून तीनच्या वर्गमुळानं भागलं की छिद्राच्या मध्यापासून शेजारच्या मध्यापर्यंत ११.३. त्यातून छिद्राचा व्यास, सात समज, वजा केला की भिंत ४.३. हे तुला येतं. आम्ल भरल्यावर टोकं खुजी होतात तेव्हा घाबरायचं नाही. भिंत आणि पोकळी ह्यांच्यातला फरक क्ष-किरणांना दिसतो, पोकळीत टंगस्टनसारखं जड काही भरलं की तो फरकच कमी होतो. घर पडलं असेल तर नायट्रोजनची पायरीही गेलेली दिसेल. दोन्ही मिळून निकाल लावायचा.

मोठ्या कोनात आम्लाची टोकं दिसली नाहीत की लोक लिहितात, 'आम्ल उत्तम पसरलं आहे.' असेलही. पण आम्ल मोडून गेलं असेल तरी टोकं दिसत नाहीत, आणि चढलंच नसेल तरी दिसत नाहीत. न दिसणं हा पुरावा कसला? म्हणून आयआर बघायची, आणि तिथे आणखी एक गंमत आहे. केगिनच्या चार खुणा: १०८०, ९८४, ८९० आणि ८००. ह्यांतल्या १०८० आणि ८०० वर सिलिका स्वतःच पसरून बसलेली असते. ९८४ ही सिलिकेच्या ९६० च्या खांद्यावर. मोकळी अशी ८९० च्या आसपासचीच. तेव्हा रिकाम्या सिलिकेचा स्पेक्ट्रम वजा कर आणि तिथे बघ. खरी खात्री हवी असेल तर फॉस्फरसचा घन एनएमआर. उणे पंधराच्या जवळ एक स्वच्छ टोक आलं की चेंडू शाबूत. पैसे लागतात, पण मालिकेतल्या दोन सॅम्पलचा तरी कर.

चढलंय किती, हे टंगस्टन मोजून बघ. कोरड्या आम्लात टंगस्टन ७६.६ टक्के, म्हणून ३० टक्केवाल्यात २३ टक्के यायला हवं. विरघळवण्यासाठी हायड्रोफ्लोरिकच्या वाटेला जाऊ नकोस, गरम कॉस्टिकमध्ये सिलिका आणि टंगस्टन दोन्ही जातात. ईडीएक्सचा आकडा एका दाण्याचा असतो, त्यावर टक्केवारी ठरवायची नाही.

आणि अमोनियाचं टीपीडी. इथे मी जरा चिडून लिहिणार आहे. एका व्हायव्हात ३० टक्के डीटीपीच्या सॅम्पलवर ग्रॅमला १.८ मिलिमोल आम्लता असं टेबल होतं. मी मुलाला फळ्यावर बोलावलं. एका रेणूला प्रोटॉन तीन, रेणुभार २८८०, म्हणजे शुद्ध आम्लातसुद्धा ग्रॅमला १.०४ मिलिमोल. ३० टक्क्यांत ०.३१. उरलेले दीड कुठून आणलेस बाळा? तो रडवेला झाला आणि मला वाईट वाटलं, कारण चूक त्याची एकट्याची नव्हती, टेबल चार जणांनी वाचलं होतं. यंत्राचा डिटेक्टर अमोनिया आणि पाणी वेगळं ओळखत नाही. वरच्या तापमानाला केगिन मोडताना पाणी सुटतं, अमोनियाही अखंड परत येत नाही, काही जळून नायट्रोजन होतो. मास स्पेक्ट्रोमीटर जोडलेला असेल तरच वरच्या टोकावर विश्वास ठेव. नसेल तर अॅसिटोनायट्राइलमध्ये ब्युटिलअमाइननं पोटेन्शिओमेट्रिक टायट्रेशन कर. साधं आहे, स्वस्त आहे, आणि आकडा ०.३१ च्या आत राहतो. काही प्रोटॉन सिलिकेच्या हायड्रॉक्सिलनी धरलेले असतात, म्हणून थोडा कमीच येतो, आणि पाच टक्क्यांसारख्या हलक्या लोडिंगला तर फारच. सल्फोनिकवाल्याला मिठाच्या पाण्यानं प्रोटॉन काढून कॉस्टिकनं टायट्रेट करता येईल. तुझं आम्ल मात्र मिठाच्या पाण्याबरोबर स्वतःच निघून जाईल. त्याची पद्धत उसनी घेऊ नकोस. ब्रॉन्स्टेड की लुईस हे पिरिडिनची आयआर सांगेल, १५४० आणि १४५०. पण १४४५ ला हायड्रोजन बंधानं नुसतं टेकलेलं पिरिडिनही दिसतं. दीडशे अंशांवर थोडा वेळ व्हॅक्यूम देऊन मगच बघ.

शेवटी अभिक्रिया. तू करंजाच्या तेलातल्या मोकळ्या फॅटी आम्लांचं मेथॅनॉलबरोबर एस्टर करणार आहेस. विषय चांगला आहे, आपल्या नदीकाठी करंज ढीगभर, तेलात मोकळी आम्लं इतकी की नुसता अल्कली टाकला तर साबणच होतो. पण तुझं डीटीपी ज्यात सर्वांत छान विरघळतं त्या मेथॅनॉलमध्येच तू ते टाकते आहेस, आणि वर अभिक्रियेत पाणी सुटणार. म्हणजे पोळ्यातून आम्ल निसटणार हे धरूनच चल. प्रश्न किती, एवढाच. अर्ध्या वाटेवर कॅटॅलिस्ट गाळून काढ आणि उरलेलं द्रावण तसंच चालू ठेव. कन्व्हर्जन वाढत राहिलं तर काम निसटलेलं आम्ल करत होतं. गाळायचं मात्र गरम असतानाच, अभिक्रियेच्या तापमानाला. थंड होऊ दिलंस तर निसटलेलं आम्ल पुन्हा सिलिकेवर जाऊन बसतं आणि सगळं आलबेल दिसतं. गाळलेल्या द्रावणाचा थोडा भाग आटवून त्यात हायड्रोक्लोरिकमधलं स्टॅनस क्लोराइड टाक. निळं झालं तर टंगस्टन आहे.

पाच वेळा वापरला, पाचही वेळा ९५ टक्के, असे तक्ते तू खूप पाहशील. सहा तासांची अभिक्रिया दोन तासांतच संपत असेल, तर अर्धा कॅटॅलिस्ट मेला तरी सहाव्या तासाला ९५ च दिसणार. अर्ध्या तासाचं मोजमाप घे, कन्व्हर्जन वीस-पंचवीस असताना. दुसऱ्या फेरीत वीसचे बारा झाले तर बारा लिही. लाजण्यासारखं त्यात काही नाही. सीझियमचा मीठ-प्रकार करून आम्ल अविद्राव्य करता येतं, तो पुढचा चॅप्टर होऊ शकतो. टोल्युइनसारख्या अध्रुवीय द्रवातली एखादी अभिक्रियाही सोबत ठेव, तिथे हे पोळं खरंच टिकतं.

बारीकसारीक: डब्यांवर मार्करनं लिहू नकोस, मेथॅनॉलचा एक थेंब आणि नाव गायब. कागदी टेपवर पेन्सिलनं, बॅच नंबर आणि तारीख. 'नवीन', 'फायनल', 'फायनल २' असली नावं बंद. कॅल्साइन केलेली सिलिका ओतताना मास्क लाव, ती पावडर इतकी हलकी असते की टेबलावरून थेट नाकात. आणि प्रत्येक बॅचची दोन ग्रॅम सिलिका रिकामीच, आम्ल न चढवता, बाजूला काढून ठेव. परीक्षक तिसऱ्या वर्षी तीच मागतात, तोवर ती संपलेली असते.

आता हे वाचून झालं की कपाटातली आम्लाची बाटली काढ आणि तिच्या लेबलचा फोटो मला पाठव. त्या तीस टक्क्यांच्या सॅम्पलचं सिलिका आणि आम्ल दोन्हींचं तोललेलं वजन, दोन दशांश स्थळांपर्यंत, त्याच्याखाली लिही. टीजीएचा स्लॉट मिळेपर्यंत पुढचं सॅम्पल करू नकोस. दिवाळीला येशील तेव्हा वही घेऊन ये. चिवड्याच्या हातानं पान उलटणार नाही, एवढं वचन मी देते.